सोसायटीच्या कॉम्प्युटरला विचारायचं काय?

जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये आणि सगळ्यांसाठी नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेच्या देखरेखीखाली एकच सॉफ्टवेअर. गावात या संस्थेला एवढ्या लांब नावाने कुणी ओळखत नाही, ती आपली पीककर्ज देणारी 'सोसायटी'. तेव्हापासून विदर्भातही गटसचिव, म्हणजे सोसायटीचा हिशेब सांभाळणारे सचिव, जुन्या खातेवह्या उघडून आकडे कॉम्प्युटरवर चढवत आहेत. पारावरचे प्रश्न मात्र वेगळेच आहेत. आता कर्ज लवकर मिळेल का? जुनं थकीत उघडं पडेल का? की वरच्यांना आपल्यावर नजर ठेवता यावी म्हणून हे सगळं चाललंय?

प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि माझ्या मते सगळं त्यावरच अडलेलं आहे. कॉम्प्युटरमध्ये भरलेला आकडा नेमक्या कोणत्या निर्णयासाठी वापरला जाणार? आणि तो निर्णय घेणाऱ्याच्या हातात वेळेवर पोचणार का?

व्यवस्थापनाच्या अभ्यासात या सगळ्या व्यवस्थेला 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' म्हणतात, सरकारी बोलण्यात 'एमआयएस'. रोजगार हमीवर राबलेल्या माणसाने हा शब्द ऐकलेला असतो, कारण 'मस्टर एमआयएसला चढलं नाही' म्हणून मजुरी अडकल्याचं त्याला सांगितलेलं असतं. त्यामुळे एमआयएस म्हणजे तालुक्याच्या ऑपरेटरने करायची नोंद, असा समज झाला आहे. नोंद हा त्यातला फक्त पहिला टप्पा. रोजच्या व्यवहारांची नोंद गोळा करायची, ती छाननी करून एकत्र मांडायची आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापुढे वेळेत, त्याला कळेल अशा रूपात ठेवायची, ही सगळी साखळी म्हणजे प्रणाली. कॉम्प्युटर त्या साखळीतलं एक साधन.

नोंद वेगळी, माहिती वेगळी

घर चालवणाऱ्या बाईकडे पाहा. ज्वारीची कोठी किती भरली होती, रोज किती पीठ लागतं, दळण कधी आणलं, हे तिने कुठे लिहिलेलं नसतं. पण 'दहा दिवसांचं धान्य उरलंय आणि पुढच्या आठवड्यात लेक-जावई येणार आहेत' एवढं तिला पक्कं ठाऊक असतं, आणि त्यावर तिचा निर्णय ठरतो: उद्याच दळण टाकायचं. रोज किती भाकरी झाल्या ही नोंद. दहा दिवसांचं धान्य उरलं ही माहिती. पहिलीची बेरीज-वजाबाकी करून, येणाऱ्या पाहुण्यांशी सांगड घालून दुसरी तयार होते.

एका घराचं हे डोक्यात मावतं. सातशे-आठशे सभासदांच्या सोसायटीचं मावत नाही. तिथे प्रत्येकाचा सातबारा, आठ-अ, पीक, कर्जमर्यादा, उचल, व्याज आणि भरणा वेगळा. वहीत सगळं असतं, पण वहीला प्रश्न विचारता येत नाही. 'यंदा मार्चअखेर कोण थकायची शक्यता आहे?' याचं उत्तर शोधायला वह्यांची दोनशे पानं उलटावी लागतात, आणि ती उलटून होईपर्यंत मार्च निघून गेलेला असतो.

एकाच सोसायटीत तीन तऱ्हेचे निर्णय

अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६० च्या सुमारास निर्णयांची एक साधी विभागणी मांडली. संस्था निर्णय कसे घेतात या कामासाठी पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. काही निर्णय ठरलेल्या नियमाने होतात, पुन्हा पुन्हा येतात. काही असे की त्यांना नियमच नसतो, दर वेळी नव्याने डोकं लावावं लागतं. या दोन टोकांमध्ये बाकीचे सगळे.

नियमाचा निर्णय म्हणजे क. म. पत्रक, अर्थात कमाल मर्यादा पत्रक. कापसाला, सोयाबीनला, तुरीला एकरी किती कर्ज द्यायचं याचा दर जिल्ह्याची समिती ठरवते. सभासदाचं क्षेत्र आणि पीक त्या दराशी गुणलं की मर्यादा निघते. यात माणसाने डोकं खपवायची गरज नाही. कॉम्प्युटर ते बिनचूक करेल आणि करावंच.

मधला निर्णय संचालक मंडळाचा. वसुलीला कुठे जोर लावायचा? कुणाला फक्त आठवण करायची आणि कुणाच्या घरी जाऊन बसून बोलायचं? डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत थोड्या दिवसांनी हुकली तरी ही सवलत जाते. चांगली प्रणाली इथे सगळ्या सभासदांची लांबलचक यादी देत नाही, फक्त अपवाद वेगळे काढून देते. उदाहरणार्थ, जे सभासद दर वर्षी फेब्रुवारीपर्यंत भरतात पण यंदा मार्च लागला तरी फिरकले नाहीत, त्यांची नावं. ही बारा-पंधरा नावं फार मोलाची असतात. वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा माणूस थांबतो तेव्हा घरात काहीतरी घडलेलं असतं: आजारपण, लग्न, किंवा भाव वाढेल म्हणून कापूस घरातच पडून. कायमच्या थकबाकीदाराच्या दारात हेलपाटे घालण्याआधी संचालकाने या घरी जायला हवं. ते घर वाचवता येण्यासारखं असतं.

तिसरा निर्णय दूरचा. गोदाम बांधायचं का? खतविक्री वाढवायची का? केंद्राने २०२३ च्या सुरुवातीला सोसायट्यांसाठी जे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम, पाठवले त्यात पंचवीसहून अधिक तऱ्हेचे व्यवसाय करायची मुभा आहे. गोदामाचंच घ्या. किती सभासद सोयाबीन घेतात, माल कधी निघतो, ऑक्टोबरचा भाव आणि पुढचा भाव यांत किती फरक राहिला, एवढं प्रणाली सांगेल. पण दिवाळी तोंडावर असते, सोंगणी-मळणीची मजुरी द्यायची असते, रब्बीचं बियाणं आणायचं असतं, म्हणून माल खळ्यावरून थेट बाजार समितीत जातो. गोदाम बांधलं तरी तो तिथे ठेवायची ऐपत कास्तकाराकडे आहे का, हे गावातल्या माणसांनी बसून ठरवायचं.

अनिष्ट तफावत: शेजारी न ठेवलेले दोन आकडे

सहकारात 'अनिष्ट तफावत' हा शब्द सर्रास वापरला जातो आणि सभासदाला तो क्वचितच कुणी समजावून सांगतं. सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घेते आणि पुढे सभासदांना देते. म्हणजे सभासदांकडून येणं आणि बँकेला देणं, हे दोन आकडे साधारण जुळायला हवेत. समजा, सभासदांकडून सोसायटीला ८० लाख येणे आहेत आणि सोसायटीला बँकेचे १ कोटी देणे आहेत. मधले २० लाख कुणाच्याच नावावर नाहीत. ही अनिष्ट तफावत.

ती एका रात्रीत होत नाही. वसुलीच्या पैशातून पगार आणि खर्च भागवले, खतविक्रीत तोटा आला, बँकेने व्याज एका पद्धतीने लावलं आणि सोसायटीने सभासदाला दुसऱ्या, भरणा आला तो एकीकडे मुद्दलात जमा झाला आणि दुसरीकडे व्याजात. दर वर्षी थोडं थोडं साचत जातं. परिणाम विलक्षण अन्यायाचा असतो. उद्या सगळ्या सभासदांनी पैशापैसा भरला तरी सोसायटी बँकेची थकबाकीदारच राहते. मग बँक हात आखडता घेते, आणि ज्या कास्तकाराने कधी एक दिवस उशीर केला नाही त्यालाही पेरणीच्या तोंडावर सोसायटीतून कर्ज मिळत नाही. त्याला काय चुकलं हेही कळत नाही.

गंमत अशी नव्हे, खेद असा की हे दोन्ही आकडे पहिल्या वर्षापासून लिहिलेले असतात. एक सोसायटीच्या वहीत, दुसरा बँकेच्या शाखेत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ते शेजारी ठेवून बघायचं काम दर महिन्याला कुणाचंच नसतं. लेखापरीक्षण होतं तेव्हा ते दिसतं, तोवर निर्णयाची वेळ टळलेली असते. सोसायटी आणि बँक यांचे हिशेब एकमेकांना जोडण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. महिन्याला एक ओळ: येणे इतके, देणे इतके, फरक इतका. फरक वाढायला लागला की पहिल्याच सहामाहीत संचालकांना तो विचारता येतो.

विदर्भाला जिल्हा बँकांच्या आजारपणाची किंमत माहीत आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या देशातल्या २३ जिल्हा बँकांना सावरण्यासाठी केंद्राने २०१४ मध्ये योजना मंजूर केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या तीन बँका त्यात होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. तिन्ही आपल्याच भागातल्या.

पानावरची अळी मोजण्यापासून फवारणीच्या सल्ल्यापर्यंत

हिशेबापलीकडे जाऊ. विदर्भात माहिती प्रणालीचं सगळ्यात चांगलं उदाहरण बँकेतलं नाही, शेतातलं आहे.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या. हिरवी शेतं काही दिवसांत चाळणी झाली. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषी विभागाने कृषी विद्यापीठं आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना सोबत घेऊन 'क्रॉपसॅप' सुरू केलं, म्हणजे पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प. ठरलेल्या गावांत, ठरलेल्या शेतांत माणूस जातो, झाडं मोजून निवडतो, अळ्या मोजतो आणि आकडा भरतो. अनेक गावांचे आकडे एकत्र आले की कुठे कीड वाढते आहे ते दिसतं, विद्यापीठातले तज्ज्ञ त्यावर सल्ला लिहितात आणि तो परत गावात जातो.

या साखळीच्या मध्यभागी एक कल्पना आहे: आर्थिक नुकसान पातळी. किडीची संख्या इतकी झाली की आता फवारलं नाही तर फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त पीक जाईल, ती पातळी. तिच्या खाली फवारणी म्हणजे पैसा पाण्यात. गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी अशी सांगतात: मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडं तोडून पाहिली आणि त्यांतल्या दोनांत जिवंत अळी निघाली. इथे नोंद थेट निर्णयाला बांधलेली आहे. आठ पतंग ही संख्या कुण्या अहवालाची शोभा म्हणून नाही. ती ओलांडली की काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे.

२०१७ च्या हंगामाने या विषयाचा दुसरा धडा दिला. बीटी वाणाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी विदर्भाच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पसरली. ही अळी बोंडाच्या आत राहते. झाड बाहेरून हिरवंगार, पात्या-फुलं लागलेली, आणि आत सरकी पोखरलेली. पानं पाहून मोजणाऱ्याला ती दिसतच नाही. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली मिटली फुलं, शोधाव्या लागतात, सापळे लावावे लागतात, बोंडं फोडावी लागतात. जे मोजायचं ते ठरवतानाच चूक झाली तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. 'या आठवड्यात फवारायची गरज नाही' हा सल्ला वेळेत पोचणं किती मोलाचं असू शकतं, हे त्या वर्षानंतर वेगळं सांगायला नको.

आणि हाच विषय पुढे नेला की नियम संपतो. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी ठेवून घेतलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळणार नाही, असं कृषी विभाग सांगतो. गावात फरदड किती एकर उभी आहे हे प्रणाली दाखवू शकते. पण ओलिताची सोय असलेल्या कास्तकाराला त्या शेवटच्या वेचणीतून हातात पैसा येणार असतो. त्याने तो सोडावा यासाठी त्याला पटवणं, सगळ्या शिवाराने एकदम ठरवणं, हे माणसांचं काम.

"आमच्या गटसचिवाला सगळं तोंडपाठ आहे, मग हे कशाला?"

असे गटसचिव मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. नाव घेतलं की कुळ, शेत, धुऱ्याचा वाद आणि थकबाकी, सगळं सांगतात. पण एकेका गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतात. तो निवृत्त झाला, बदलून गेला, आजारी पडला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. शिवाय जे एकाच्या डोक्यात आहे ते दुसऱ्याला तपासता येत नाही. त्याचा अनुभव फेकून द्यायचा नाही, उलट अपवादांची यादी हातात आली की 'हा का थांबला' हे तोच सांगू शकेल.

"भरणाऱ्याने चुकीचं भरलं तर?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चुकीचा आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला की तो जास्त धोकादायक होतो, कारण छापून आलेल्या कागदावर लोक शंका घेत नाहीत. महाराष्ट्राने हे कर्जमाफीत अनुभवलं आहे. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतले आणि बँकांच्या माहितीशी ते जुळवताना मोठे घोळ झाले. २०१९ अखेरच्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली: अर्जच नाही, बँकांकडची कर्जखात्यांची माहिती घेऊन याद्या लावल्या आणि शेतकऱ्याने फक्त आधार दाखवून 'हे खातं माझं, ही रक्कम बरोबर' एवढं पटवून द्यायचं. चूक असेल तर तक्रार. एकच माहिती दोनदा भरून घेतली की ती दोन तऱ्हेची होते. जिथे ती जन्मते तिथूनच एकदा घ्यावी आणि ज्याची आहे त्याला दाखवून खात्री करावी.

गावाकडे त्यासाठी जुना उपायही आहे, चावडीवाचन. यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली की 'हे क्षेत्र माझं नाही', 'हा माणूस वारला' असं लोकच सांगतात. जुन्या वह्यांतून चढवलेली सोसायटीची बाकी एकदा अशी वाचली जावी, असं मला मनापासून वाटतं.

"मग कॉम्प्युटर म्हणेल त्यालाच कर्ज?"

क. म. पत्रकापुरतं हो, आणि त्यात सभासदाचा फायदा आहे: मर्यादा ओळखीवर ठरत नाही. पण थकीत सभासदाचं कर्ज पुनर्गठित करावं का, म्हणजे त्याची मुदत-हप्ते नव्याने बांधून द्यावे का, कुणाला सवलत द्यावी का, यासाठी प्रणालीने पुरावा पुढे करायचा, शिक्का मारायचा नाही. पावसात खंड पडला तर ते महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत दिसेल. विहीर आटली की नाही हे दिसणार नाही. 'सिस्टीम घेत नाही' असं उत्तर मिळालं तर विचारावं: कोणता नियम, आणि तो बदलायचा अधिकार कुणाला? सिस्टीमला नियम घालून देणारा माणूसच असतो.

"आमची माहिती जाते कुठे?"

आधार, जमीन, कर्ज आणि पीक एकत्र आलं की ती माहिती सावकारापासून कीटकनाशक विकणाऱ्यापर्यंत अनेकांच्या कामाची ठरते. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हा त्याचा गाभा. सोसायटीत याचा साधा अर्थ असा की पासवर्ड गटसचिवाकडेच हवा. तो भिंतीवर चिकटवलेला किंवा शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिलेला नसावा.

सभेला जाल तेव्हा

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभेचं इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद पाहता येते. कॉम्प्युटर येण्याआधीही हा अधिकार होता, पण वही कपाटात आणि किल्ली दुसऱ्या गावी, अशी सबब चालत असे. आता चालणार नाही.

तेव्हा सभेत चहा यायच्या आधी तीन गोष्टी मागाव्या. सभासदांकडून येणे आणि बँकेला देणे, दोन्ही एकाच कागदावर, गेल्या तीन वर्षांचे. नियमित भरणाऱ्यांपैकी यंदा किती जण थांबले आणि त्यांच्याकडे कुणी जाऊन आलं का. आणि स्वतःच्या खात्याचा उतारा, घरच्या पावत्यांशी ताडून पाहायला. पावत्या सोबत न्याव्या, फरक निघाला तर तो तिथेच इतिवृत्तात लिहून घ्यावा.